युअरची ऊझ होते तिथं

सोनपेठ
९ जानेवारी २०२५

मनाताई,

पत्र बघून घाबरू नकोस, सगळे ठणठणीत आहेत. फक्त माझा फोन गेला. जिंतूरच्या एका लग्नात मी मंडपाचा वरचा कपडा ताणत होतो आणि खिशातला फोन सरळ ताकाच्या पिंपात. आचारी म्हणाला, काढू नका, मसाला म्हणून राहू द्या.

पण फोन असता तरी हे ग्रुपवर लिहिण्यासारखं नव्हतं. तिथं आबा वाचतात, तुझी आई वाचते, आणि तुझ्या सासूबाई तर नुसत्या वाचत नाहीत, अंगठा बी दाखवतात.

मी अजून नागेशच्या मंडपाच्या टेम्पोवरच हाय. आबा म्हणतात, चारठाण्यातली काळी जमीन सोडून पोरगं लोकांच्या लग्नात बांबू रोवत हिंडायलंय. हिंडतो ते खरं. परवा तर मानवतच्या रस्त्यावर उंट दिसला. परभणी जिल्ह्यात उंट! राजस्थानची मेंढरंवाली माणसं होती, त्यांच्यासोबत पार कॅनॉलपर्यंत गेलो, चहा प्यालो, आणि नागेश इकडं शिव्या देत बसला. असू दे.

मुद्दा असा. राणीसावरगावला एका मंडपाची दोरी मी शेजारच्या दारातल्या लिंबाला बांधली, तर त्या घरातली पोरगी भांडायला बाहेर आली. "झाडाला विचारलं का?" म्हणाली. राजेश्री नाव. गंगाखेडला औषधाच्या दुकानात कामाला जाती. मी घरी आईला सांगितलं, आईनं आबांना, आणि सोयरीक जुळतच आली. बघायला गेलो. पोहे झाले, सगळं ठरल्यासारखं झालं. मग तीच म्हणाली, "एक विचारू का? लग्नानंतर माझं नाव बदलणार का?"

आबा म्हणाले, "बदलणार म्हंजे? ठरलेलंच हाय. मनकर्णा."

तुला माहीतच आहे, आजी गेली तेव्हा आबांनी तिचं नाव त्यांच्या बहिणीच्या लेकीला, म्हणजे तुला दिलं. मग तुझ्या सासरी तुझी भक्ती झाली. तेव्हापासून आबा म्हणतात की आईचं नाव घराबाहेर गेलं, आता सून ते परत आणणार.

मी मधीच हसलो. म्हणालो, नावात काय हाय, मला तर लोक ए मंडप म्हणून हाक मारतात. सगळे हसले. ती हसली नाही. त्यानंतर त्यांच्याकडून निरोपच नाही.

ताई, मला ती लय आवडली. आजपर्यंत मी कशाला धरून राहिलो नाही, आयटीआय सोडलं, दुकान सोडलं. हे सोडायचं नाही. तू मोठी, तू तिच्यासाठी मला चार ओळी लिहून दे. तुझं नाव बदललं तर काय बिघडलं? उलट तू विलायतेला गेलीस.

पत्ता: नागेश मंडप डेकोरेशन, बसस्टँडच्या मागं, सोनपेठ.

माऊली


यॉर्क
२९ जानेवारी २०२५

प्रिय माऊली,

तुझं पाकीट दारातून सासूबाईंनी उचललं. सध्या त्या इथंच आहेत. त्यावरचं 'मनकर्णा' वाचून म्हणाल्या, "हे कोणाचं? शेजाऱ्यांचं आलं वाटतं." मग घर नंबर बघून माझ्या हातात दिलं.

उंटाचं वाचून खूप हसले. बाकीच्याला काय उत्तर द्यावं ते दोन-तीन दिवस सुचलं नाही. राजेश्रीला मी ओळखत नाही, तिला काय सांगणार? तुला मात्र इथल्या नदीचं सांगते.

आमच्या घरापासून पायी गेलं की ऊझ नदी लागते. गावाच्या मधोमध वाहते. हिवाळ्यात फुगली की काठावरच्या दुकानांत शिरते. तिथल्या लोकांना इतकी सवय की ते सामान माळ्यावर टाकून मोकळे होतात. पण ही नदी डोंगरातून निघते तेव्हा तिचं नाव ऊझ नसतं. युअर असतं. लांबून येते बिचारी, एका सबंध खोऱ्यातून, धबधब्यांवरून उड्या मारत. वाटेत तिला स्वेल नावाची चांगली मोठी नदी मिळते. तरी नाव युअरच राहतं. आणि मग, सपाटीला आल्यावर, शेतातून एक ओघळ येऊन मिळते. ऊझ गिल बेक म्हणतात तिला. आपल्याकडं तिला ओढासुद्धा म्हणणार नाहीत, म्हैस बसली तर पाणी अडेल. त्या ओघळीच्या पुढं सगळी नदी ऊझ होते. ती पार ट्रेंट नदीला भेटेपर्यंत, मग दोघींची मिळून हंबर.

असं का, ते मी दवाखान्यातल्या बाईंना विचारलं. (मी दातांच्या दवाखान्यात समोरच्या टेबलावर बसते, तुला माहीत आहे.) त्या इथल्याच. म्हणाल्या, कोणालाच नक्की माहीत नाही, असंच म्हणत आलेत.

पुलावर उभं राहून बघितलं तर काही कळत नाही. पाणी तेच असतं. घे यातून तुला काय घेता येतं ते.

मामीला विचारल्याचं सांग. त्या फोनवर कधी बोलतच नाहीत, मागून भांड्यांचा आवाज तेवढा येतो.

तुझी ताई


सोनपेठ
१८ फेब्रुवारी २०२५

मनाताई,

तुझं पत्र म्हणजे सोनं. पाणी तेच असतं! मी टेम्पोच्या टपावर बसून वाचलं आणि म्हणलं, झालं काम. आपल्याकडं तरी काय वेगळं? दुधना पूर्णेला मिळाली की पूर्णा, पूर्णा गोदावरीला मिळाली की ती बी गेली, आणि गोदावरीला तर आपण गोदावरी म्हणतच नाही, गंगा म्हणतो. एक बी नदी तक्रार करायला आली नाही.

दुसऱ्याच दिवशी गंगाखेड गाठलं. खरं म्हणजे सरळ नाही गाठलं, मधी एका ठिकाणी बैलाचा बाजार भरला होता. पण दुपारपर्यंत पोचलो. औषधाच्या दुकानात नुसतं कसं बोलायचं, म्हणून डोकेदुखीच्या गोळ्या मागितल्या. मग बाम. मग खोकल्याचं औषध. ती म्हणाली, "नेमकं काय दुखायलंय तुमचं?"

मी तुझी नदी सांगितली. पार डोंगरापासून, आणि वर आपली दुधना बी जोडली. तिनं ऐकून घेतलं, मधी दोन गिऱ्हाइकं केली, आणि म्हणाली, "दुधना लहान म्हणून तिचं नाव गेलं म्हणता. मग तिकडं मोठीचं नाव जाऊन ओघळीचं कसं राहिलं?"

मी खोकल्याची बाटली उलटीसुलटी करायला लागलो.

"म्हंजे लहान-मोठ्याचा हिशोब न्हाई तो," ती म्हणाली. "जिच्या दारात जावं तिचं चालतं. बघू ते पत्र."

दिलं. काउंटरला टेकून तिनं सगळं वाचलं, आणि घडी घालून माझ्या खिशात ठेवलं, स्वतः. म्हणाली, "तुमी उलटं वाचलंय. ही बाई नदीचं सांगायली व्हय?"

मी म्हणालो, नदीचंच तर आहे सगळं.

"या नावानं मी बोलणी खाल्ली, या नावानं शाळेत बक्षीस घेतलं. ते काढून ठेवा म्हणता, कुठं ठेवू? ऐका, तुमाला माझा होकार हाय. नावाला न्हाई. जमतंय का बघा घरी."

होकार ऐकून मी नाचत बाहेर आलो. गोळ्या, बाम, सगळं तिथंच विसरलो. बसमध्ये बसल्यावर बाकीचं आठवलं. ताई, ती म्हणती तसं आहे का? मी उलटं वाचलं का?

माऊली


यॉर्क
९ मार्च २०२५

माऊली,

तिनं बरोबर वाचलं. तुझ्यापेक्षा हुशार आहे, लवकर घरी आण.

मला सरळ लिहवलं नाही, म्हणून नदीत घालून लिहिलं. आता सरळ लिहिते.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ताटात तांदूळ पसरून आणले. नाव बदलणार हे मला कोणी सांगितलं नव्हतं, मी विचारलंही नव्हतं. राम समोर बसले, अंगठीनं तांदळात रेघा ओढायला लागले. मी त्यांच्या समोरच्या बाजूला होते, म्हणून मला ते अक्षर उलटं दिसत होतं. जुळवून वाचायला वेळ लागला. मला 'भक्ती' लागलं तोपर्यंत पेढे वाटून झाले होते.

राम वाईट नाहीत. त्यांनाही कोणीतरी सांगितलं होतं, काय लिहायचं ते. आणि भक्ती हे नाव चांगलंच आहे. शाळेत मला मनकर्णा म्हणून पोरी चिडवायच्या, म्हातारीचं नाव म्हणायच्या. तेव्हा मीच रडून आईला म्हणायचे, बदल. पण ते जाईल असं वाटलं नव्हतं. आई आता फोनवर मला भक्तीच म्हणते, सासूबाई ऐकत असतात म्हणून. तू सोडून मना असं कोणी म्हणत नाही. दवाखान्यातल्या कॉम्प्युटरचा पासवर्ड तेवढा 'मनकर्णा' ठेवलाय. रोज सकाळी मी तो टाकते आणि पडद्यावर नुसते ठिपके उमटतात.

गेल्या रविवारी लेकाला घेऊन ती ओघळ बघायला गेले. ग्रेट ऊझबर्न नावाचं खेडं आहे, तिथं एक दगडी खांब उभा केलाय, ऊझ इथून निघते म्हणून. लेक म्हणाला, "मम्मा, नदी कुठंय?" घोटाही बुडणार नाही एवढं पाणी. वरच्या गावांत मात्र आजही सगळे युअरच म्हणतात. त्यांच्यासाठी ती बदललेलीच नाही. मला त्या गावांचा हेवा वाटला.

मामाशी मी बोलते. तेवीस तारखेच्या रविवारी फोन करेन, तोवर हे पत्र तुला मिळेल. तू जवळ थांब, उंटामागं जाऊ नकोस.

मनाताई


चारठाणा
२७ मार्च २०२५

ताई,

तू फोन ठेवलास त्यानंतरचं तुला माहीत नाही, म्हणून लिहितो.

तुझा आवाज स्पीकरवर होता. तू म्हणालीस, "मामा, आजीचं नाव तिच्यावर नका टाकू, तिला नकोय ते." आबा ओसरीवर बसले होते, सुपारी कातरत. ते म्हणाले, "तुला बी नको होतं. तुझ्या सासरच्यांनी पुसलं, तू हूं का चूं केलं न्हाई. तू टाकलंस ते नाव, आमी उचलायलोत." मग आबांना वाटलं रेंज गेली. ते हॅलो हॅलो करत राहिले. मला कळलं, रेंज गेलेली नव्हती.

नंतर आबा घरात गेले आणि आजीच्या फोटोपुढं उभे राहिले. फोटो म्हणजे काय, कोणाच्यातरी लग्नातल्या फोटोतून मोठा केलेला, त्यात ती कोणासारखी बी दिसती. म्हणाले, "मी गेल्यावर हिचं नाव घेणारं कोण राहतंय?" मला त्यांचा राग यायचा होता, तो बी नीट आला नाही.

तिच्या घरून होकार आला, तारीख ठरली, अक्षय तृतीया; नावाचं बैठकीत कोणी काढलंच नाही. आणि आबांनी काय केलं? जिंतूरला जाऊन सगळी स्टीलची भांडी आणली आणि दुकानातच त्यावर नाव टाकून घेतलं. 'सौ. मनकर्णा माऊली.' ताटं, तांबे, डबे, परात. ते मशीन असं किर्रर्र करतं की दात शिवशिवतात. आणि भांड्यांची पोती टेम्पोतून घरी आणली मीच. तोंड उघडलं नाही. आईनं सगळी धुवून पालथी घातली. म्हणाली, "धुतली की सारखीच दिसत्यात." बास, तेवढंच.

राजेश्रीला भांड्यांचं कळलं. तिच्या मावसभावानं दुकानात बघितलं. तिचा निरोप आला: "भांडी राहू द्या. ताटात कोण लिहितंय?"

मीच लिहितो, ताई. नवरदेवच लिहितो. एवढी लग्नं बघितली, कोणत्या नवरदेवाला कधी विचारलं नाही की बाबा, हे तुझ्या मनातलं होतं का. नागेशचा टेम्पो महिनाभर नांदेडकडं जायलाय, मोठमोठी कामं आहेत. कधी कधी वाटतं, टपावर चढावं आणि जावं.

माऊली


यॉर्क
११ एप्रिल २०२५

माऊली,

मामा बोलले ते मला लागलं. पण त्यावर विचार केला.

मी रामना म्हणाले, जुनं नाव परत घेऊ का? ते म्हणाले, घे की, आधी का नाही बोललीस. इतकं सोपं. मग मी लेकाला म्हणाले, मला मनकर्णा म्हणून बघ. त्यानं दोनदा म्हटलं आणि लाजून पळाला. मी सगळा दिवस ते नाव घालून बघितलं, जुना ब्लाउज घालून बघतात तसं. बसलं नाही रे. तेरा वर्षं झाली. इथल्या मैत्रिणी, लेकाची शाळा, माझं सगळं भक्तीच्या नावावर उभं आहे. मी आता ऊझ आहे. मला परत डोंगरात जाता येणार नाही, आणि खरं सांगते, जायचंही नाही.

पण म्हणून मामांचं रिकामं झालेलं ताट राजेश्रीनं भरायचं, हे काही बरोबर नाही. तुटलं ते माझ्याकडून तुटलं. ते त्या पोरीनं का सांधावं?

मामांवर चिडू नकोस. त्यांना आईची आठवण येते आणि ती कुठं ठेवावी ते कळत नाही, एवढंच आहे.

टपावर चढू नकोस. अंगठी तुझ्याच बोटात असणार. मला आता यापेक्षा जास्त काही सांगता येत नाही.

तुझी ताई


चारठाणा
५ मे २०२५

ताई,

पळालो नाही. आधी ते सांगतो.

लग्न राणीसावरगावलाच झालं. मंडप नागेशनं घातला, नांदेडहून खास परत येऊन, आणि दोरी त्याच लिंबाला बांधली. मला म्हणाला, "या बारीला झाडाला विचारलंय." उन्हानं सगळे वाळून गेले. तुझी आई लय नाचली, तुला व्हिडिओ आला असेलच.

दुसऱ्या दिवशी आपल्या घरी लक्ष्मीपूजन. ओसरीत सगळ्या बाया, पोरं. ताट आलं. आबा माझ्या शेजारी पेढ्यांचा डबा मांडीवर घेऊन. तू लिहिलं होतंस ते आठवलं, म्हणून मी आधी राजेश्रीला म्हणालो, इकडं माझ्या बाजूला येऊन बस. बाया खुसखुसल्या. ती आली. मग मी अंगठीनं लिहिलं. राजेश्री. श्रीची वेलांटी पार ताटाच्या काठाला गेली.

आबा वाकले. वाचलं. डबा खाली ठेवला, ताट उचललं, हलवून तांदूळ सपाट केले. "चुकलं. परत लिही."

मी परत तेच लिहिलं.

मागून चुलती म्हणाली, "मंडपवाल्याला एकच शबुद येतंय वाटतं!" कोणी हसलं नाही. आबांचा चेहरा बघवत नव्हता. चिडलेले नव्हते ते. म्हणाले, "माऊली, तुझ्या आजीचं नाव हाय रे."

माझं अवसान तिथं संपलं होतं. अजून एकदा ताट हलवलं असतं तर मी काय लिहिलं असतं, खरंच सांगता येत नाही. पण राजेश्री बोलली. खाली मान घालूनच.

"मामा, त्यांचं नाव मी रोज घेईन. दिवा लावताना घेईन. तुमी त्यांचं काय काय सांगताल ते ध्यानात ठेवीन, लेकरांना सांगीन. पर ते त्यांचं हाय, त्यांच्याजवळ असू द्या." मग मान वर करून, माझ्या आईकडं बघत, "एक विचारू? आत्याबाईंचं माहेरचं नाव काय हो?"

"नर्मदा," आबा म्हणाले.

"ते हितलं. त्याच्या आधीचं?"

आबांनी आईकडं बघितलं. आई चुलीकडच्या दारात उभी होती, हातात दुधाचं पातेलं. आबा हळूच म्हणाले, "काय होतं गं? काहीतरी… तुझ्या बापानं हाक मारली होती एकदा, माझ्यासमोर."

ताई, मला बी माहीत नव्हतं. तुझ्या त्या नदीची दोन्ही नावं मला पाठ. या बाईच्या हातचं मी सव्वीस वर्षं खातोय.

आई म्हणाली, "सरजा." एवढ्या लहान आवाजात, की चुलतीनं काय, काय, म्हणून विचारलं. मग तिनं मोठ्यानं सांगितलं. "सरजा. सरजा होते मी."

आबा ताटाकडं बघत राहिले. मग त्यांनी डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "वाटा पेढे." आणि उठून गोठ्याकडं गेले. ताट तसंच राहिलं.

भांड्यांवर आबा काही बोलले नाहीत, आम्ही बी नाही. त्यातच जेवतो.

मी सध्या घरीच आहे. आठवडाभर म्हणलं होतं, पण काल राजेश्रीला घेऊन देवळाकडं गेलो, तिथले कोरलेले खांब दाखवायला, आणि तिथं एक माणूस मधमाशा धरत होता, त्याच्यासोबत… ते जाऊ दे. आज सकाळचं सांगायचं होतं.

आबा अंगणात तोंड धुवून बसले होते. आई ओसरीवर शेंगा निवडत होती, मी आणि राजेश्री चहा पीत होतो. आबांनी घसा साफ केला. परत साफ केला. मग म्हणाले, "सरजा, पाणी आण."

आईनं मान वर केली नाही. निवडतच राहिली.

राजेश्री म्हणाली, "आत्याबाई, मामा तुमाला हाक मारायलेत."

"मला व्हय?" आई म्हणाली. "मला वाटलं, दारात कोण बाई आलीया."

उठली. तांब्या भरून आबांच्या हातात दिला. नेहमी देते आणि लगेच आत येते. आज आली नाही. आबांनी पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला तरी तिथंच उभी. पदर सारखा केला, आणि आमच्याकडं पाठ करून आबांना म्हणाली,

"आणखी एकदा म्हणा की."

माऊली